तीनदा दिवाळं, पाचदा प्रधानकी : सर हेन्री पार्क्स

नदीपल्याड

आठवड्याचा शिधा : साडेदहा पौंड गोमांस, कधीकधी खाण्याच्या लायकीचं नसलेलं. साडेदहा पौंड तांदूळ, याहून वाईट मिळणार नाही असा. पावणेसात पौंड पीठ, त्यात निम्मी तांदळाच्या पिठाची भर. दोन पौंड साखर, जाडीभरडी पण चवीला बरी. पाव पौंड चहा, हलक्यातला. पाव पौंड साबण, हात धुवायलाही न पुरणारा. आणि तंबाखूच्या दोन वड्या, ज्याचा मला काडीचा उपयोग नाही.

१८४० साली सिडनीजवळच्या एका शेतमजुराने इंग्लंडमधल्या घरच्यांना लिहिलेल्या पत्रातली ही यादी आहे. पुढे तो लिहितो, की पहिले चार महिने अंथरूण म्हणून झाडाची साल आणि एक जुनं दार होतं. दोन आडव्या लाकडांवर ते दार टाकायचं, वर अंगावरचे कपडे पसरायचे आणि झोपायचं. सोबत बायको आणि तान्ही मुलगी.

हाच मजूर पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा पाच वेळा प्रीमियर झाला. (प्रीमियर म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री समजा, फक्त तेव्हा वर दिल्ली नव्हती, थेट लंडन होतं.)

मी सिडनीत येऊन बारा वर्षं झाली. पार्क्स हे नाव रस्त्यांवर, पाट्यांवर इतक्यांदा दिसतं की आपण ते वाचायचं सोडून देतो. गेल्या महिन्यात लेकीला शाळेत 'आपल्या राज्यातली एक व्यक्ती' असा प्रकल्प मिळाला. तिने पांढरीशुभ्र दाढी बघून हा बाबा निवडला, दहा ओळी लिहून मोकळीही झाली. मी मात्र अडकलो. तेव्हा जे काही गोळा झालंय ते इथे ओततो.

जन्म २७ मे १८१५, इंग्लंडात वॉरिकशर परगण्यात. बाप कुळवाडी शेतकरी, कर्जात बुडाला, शेत गेलं आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. पोराने दोर वळण्याच्या कारखान्यात आणि विटांच्या खाणीत काम केलं. शाळा जवळजवळ नाहीच. मग हस्तिदंत आणि हाडं कातणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. त्याच वेळी बर्मिंगहॅममध्ये मताधिकाराच्या सभा गाजत होत्या, तिथे हा जाऊन बसायचा. भाषण कसं करतात ते तिथेच शिकला. १८३६ मध्ये क्लॅरिंडा वार्नीशी लग्न. पहिली दोन्ही मुलं तान्हेपणीच गेली. धंदा चालेना. शेवटी फुकट प्रवासाच्या सरकारी योजनेतून बोटीत बसले आणि जुलै १८३९ मध्ये सिडनीला उतरले. बंदर दोन-तीन दिवसांवर असताना क्लॅरिंडा बोटीवरच बाळंत झाली. खिशात दोन-तीन शिलिंग.

शिध्याची यादी त्यानंतरची. पेनरिथजवळ रीजंटव्हिल नावाची मोठी जहागीर होती, तिथे वर्षाला २५ पौंड पगारावर हा राहिला. सहा महिन्यांत कंटाळून सिडनीला परत. जकात खात्यात बोटींवर पहारा देणारा शिपाई, मग हंटर स्ट्रीटवर स्वतःचं हस्तिदंत कातकामाचं आणि खेळण्यांचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत राजकारण. मधल्या काळात एक कवितासंग्रहही काढून झाला. (कविता मी वाचल्या. दुकान चालत नव्हतं यात नवल नाही.)

पहिला मोठा दणका ११ जून १८४९ चा. न्यू साउथ वेल्सला गुन्हेगार पाठवणं १८४० मध्ये बंद झालं होतं, ते लंडनने पुन्हा सुरू करायचा घाट घातला. 'हॅशमी' नावाचं जहाज कैदी घेऊन बंदरात लागलं. मुसळधार पावसात हजारो लोक धक्क्यावर जमले आणि घोडागाडीच्या टपाला व्यासपीठ करून सभा झाली. पार्क्स त्या चळवळीतला बिनीचा कार्यकर्ता. मजुराच्या पोटी कैद्यांबद्दल एवढा राग का, तर फुकटचा मजूर आला की पगारी मजुराची मजुरी पडते. दार टाकून झोपलेल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

२८ डिसेंबर १८५० ला त्याने 'एम्पायर' हे वर्तमानपत्र काढलं. लेखणी धारदार, हिशेब बोथट. वर्षभरात सोनं सापडलं आणि छापखान्यातले लोक पाटी-कुदळ घेऊन खाणींकडे पळाले. उरलेल्यांनी मजुरी वाढवली. तेव्हा याने कंपोझिटर कुठून मागवले असतील? मद्रासहून! युरेशियन कंपोझिटर. स्वस्तातल्या परक्या मजुरांविरुद्ध अग्रलेख लिहिणाऱ्या पेपरचे खिळे मद्रासची पोरं जुळवत होती.

१८५४ मध्ये तो विधिमंडळात निवडून आला, तोही वेंटवर्थने रिकामी केलेल्या जागेवर. वेंटवर्थ म्हणजे जमीनदार मंडळींचा म्होरक्या. इंग्लंडसारखे वंशपरंपरागत उमराव इथेही असावेत अशी त्याची योजना होती, सिडनीकरांनी ती हसून घालवली. तर त्या माणसाच्या खुर्चीवर हस्तिदंतवाला बसला. चार वर्षांनी, १८५८ मध्ये, पेपर बुडाला. देणं सुमारे ५०,००० पौंड. दिवाळं क्रमांक एक.

१८७० मध्ये आयात मालाच्या धंद्यात दिवाळं क्रमांक दोन. १८७२ मध्ये प्रीमियर. १८७७ मध्ये पुन्हा काही महिने, त्याच वर्षी 'सर'. १८७८ ते १८८३ तिसऱ्यांदा. १८८७ मध्ये चौथ्यांदा आणि त्याच वर्षी दिवाळं क्रमांक तीन. १८८९ ते १८९१ पाचव्यांदा.

यातलं माझ्या मते सगळ्यात टिकाऊ काम १८८० चा शिक्षण कायदा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, शाळा सरकारी, फी आठवड्याला तीन पेन्स आणि चर्चच्या शाळांचं सरकारी अनुदान १८८२ अखेर बंद. कॅथलिक बिशपांनी आधीच्याच वर्षी पत्रक काढून सरकारी शाळांना अनीती, नास्तिकपणा आणि बेबंदशाहीच्या बीजांचे वाफे म्हटलं होतं. पार्क्सने ते पत्रक विरोधात वापरून घेतलं. ज्याची स्वतःची शाळा झाली नाही त्याने हे केलं. लेकीच्या दहा ओळींत हे एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं.

आणि मग २४ ऑक्टोबर १८८९. ब्रिस्बेनहून आगगाडीने परतताना तो टेंटरफिल्ड या क्वीन्सलंडच्या हद्दीजवळच्या गावी थांबला. पूर्वी तो तिथला आमदार होता. गावच्या सभागृहात भाषण झालं. मुद्दा असा, की सहा वसाहतींची सहा सैन्यं ठेवून भागणार नाही, साऱ्या ऑस्ट्रेलियाचं एक सरकार हवं. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिची वस्ती साधारण आपल्याइतकीच, तीस-चाळीस लाखांच्या घरात होती. त्यांनी जे युद्ध करून मिळवलं ते आपण शांततेत का मिळवू नये? १८९० मध्ये मेलबर्नला परिषद, १८९१ मध्ये सिडनीत अधिवेशन, अध्यक्ष हाच. 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया' हे नावही त्यानेच सुचवलं. प्रत्यक्ष राष्ट्र जन्मलं १ जानेवारी १९०१ ला, सेंटेनियल पार्कमध्ये. ते पार्कही त्याच्याच कारकिर्दीतलं, १८८८ चं. पण बाबा १८९६ मध्येच गेला होता.

खूप लांबलं. कुणाला यात रस असेल असं वाटत नाही, पण लिहून मोकळा झालो.

खडूस काका

रस आहे. लिहा. आणि "कुणाला रस असेल असं वाटत नाही" असं लिहून प्रतिसाद गोळा करायची युक्ती जुनी झाली.

ओसरी

आवडलं. एक बाळबोध शंका. दिवाळखोर माणूस मुख्यमंत्री कसा होतो? आपल्याकडे कर्ज थकलं तर सोसायटीच्या कमिटीवरसुद्धा बसता येत नाही.

नदीपल्याड

@ओसरी, बाळबोध अजिबात नाही, मीही आधी तिथेच अडलो होतो. दिवाळं निघालं की आमदारकीचा राजीनामा द्यायचा. मालमत्ता सावकारांच्या हवाली. मग निवडणुकीला पुन्हा उभं राहायचं, लोक निवडून देत. १८७० मध्ये असंच झालं.

दुसरी गोष्ट, न्यू साउथ वेल्समध्ये आमदारांना १८८९ पर्यंत पगारच नव्हता. मंत्र्याला होता, पण मंत्रिपद गेलं की उत्पन्न शून्य. मंत्रिमंडळं तर वर्ष-दोन वर्षांत पडायची. वेंटवर्थसारख्याकडे मेंढ्या होत्या, पार्क्सकडे मेंढ्या नव्हत्या आणि मुलं डझनभर. मोठेपणाचा सोसही होताच म्हणा. ब्लू माउंटन्समध्ये बंगला बांधला आणि त्याला आईच्या माहेरचं आडनाव दिलं, फॉकनब्रिज. आज त्या गावाचंच ते नाव आहे.

१८६१ मध्ये डॅली नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याला सरकारने इंग्लंडला पाठवलं, 'आमच्याकडे या' अशी व्याख्यानं द्यायला. पगार वर्षाला १,००० पौंड. इकडे क्लॅरिंडा पोरांना घेऊन पेनरिथकडच्या शेतावर ओढगस्तीत दिवस काढत होती. तिकडे साहेब थोरामोठ्यांच्या भेटी घेत होते. हे वाचताना मला त्याचा मनस्वी राग आला.

अर्धवट

"लेखणी धारदार, हिशेब बोथट." वर्तमानपत्र काढून घर बुडवणं हा उद्योग फक्त आपल्याकडचा नाही हे वाचून बरं वाटलं. आमच्या पणजोबांनी साप्ताहिक काढलं होतं. दोन एकर गेली.

तिरकस

लेख चांगला, पण धागाकर्त्याने सोयीस्करपणे एक पान उलटलेलंच नाही. ते मी उलटतो.

एप्रिल १८८८. 'अफगाण' नावाची आगबोट हाँगकाँगहून अडीचशेहून जास्त चिनी प्रवासी घेऊन मेलबर्नला लागली. तिथे उतरू दिलं नाही. मे महिन्यात ती सिडनीला आली. रस्त्यावर मोर्चे, सभा, विधिमंडळावर जमाव. प्रीमियर कोण? सर हेन्री पार्क्स. त्याने पोलिसांकरवी बोट अडवली. त्या प्रवाशांतल्या काहींकडे रीतसर कागद होते, काही तर आधीपासून इथले रहिवासी होते आणि गावी जाऊन परत येत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. त्यावर विधिमंडळात पार्क्स काय म्हणाला? "तुमच्या तांत्रिक कायद्याच्या कोळिष्टकांची मला पर्वा नाही. या समाजाचं रक्षण हा त्याहून वरचा कायदा आहे आणि मी तो पाळतोय."

मग नवा कायदा. चिनी माणसावर आधी १० पौंड डोईपट्टी होती (ती १८८१ ची, तीही याच्याच सरकारची), ती १०० पौंड केली. आणि बोटीच्या दर ३०० टनांमागे एकच चिनी प्रवासी.

१०० पौंड म्हणजे किती ते धाग्यातच आहे. याला स्वतःला वर्षाचे २५ मिळत होते. म्हणजे चार वर्षांचा पगार दारात मोजायचा.

तेव्हा 'मजूर ते प्रधान' ही कहाणी ठीक आहे, पण वर चढल्यावर शिडी ओढून घेणाऱ्यांचीही एक कहाणी असते.

नदीपल्याड

@तिरकस, पान उलटलं नव्हतं हे कबूल. लेकीच्या प्रकल्पात ते घालावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, आणि इथे लिहिताना मी त्याच भित्रेपणाने गाळलं.

त्यात माझी भर. १८९० मध्ये मेलबर्नच्या मेजवानीत तो म्हणाला होता, की रक्ताच्या नात्याचा किरमिजी धागा आपल्या सगळ्यांतून गेलेला आहे. फार गाजलेलं वाक्य. 'आपल्या सगळ्यांतून' म्हणजे कोणाकोणातून, हे दोन वर्षं आधी 'अफगाण'वरच्या लोकांना कळलं होतं. १९०१ मध्ये देश झाला आणि त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना दाराबाहेर ठेवायचा कायदाही झाला. अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत ५० शब्दांचं श्रुतलेखन घ्यायचे, म्हणजे नापास करायची सोय. हे धोरण पुरतं मोडीत निघायला १९७३ उजाडलं. आमच्या सोसायटीत १९६८ मध्ये आलेले एक नागपूरचे काका आहेत. ते म्हणतात, तुम्ही लोक दार उघडं झाल्यावर आलात, मी फटीतून आलोय.

पण एक सांगा. चिनी कामगाराची भीती आणि १८४९ मधली कैद्यांची भीती, दोन्ही त्याच्या डोक्यात एकाच खोलीत राहत होत्या का? स्वस्त मजूर आला की आपल्या शिध्यातलं पीठ कमी होतं, ही.

तिरकस

भीती एक असेलही. कैद्यांना विरोध करताना त्याने त्यांना माणसाच्या यादीतून काढलं नव्हतं, एवढाच फरक. आणि मद्रासचे कंपोझिटर मागवताना ही भीती कुठे गेली होती? तिथे मालक तो होता.

खडूस काका

यावर तिरकसशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. +१.

आणि चिन्यांवर बोलताय तर ज्यांची जमीन होती त्यांचंही बोला. १८८८ च्या शताब्दी सोहळ्यात मूळनिवाशांसाठी काय करणार, असं विचारल्यावर "आणि आपण त्यांना लुटलंय याची त्यांना आठवण करून द्यायची?" हे उत्तर याच पार्क्सच्या नावावर सांगितलं जातं. निर्लज्जपणा म्हणावा की प्रामाणिकपणा ते ज्याने त्याने ठरवावं. मला तर दोन्ही वाटतं.

मोगरा_७

मी नर्स आहे, त्यामुळे मला हा बाबा वेगळ्याच कारणाने माहीत. आमच्या अभ्यासात होता!

१८६६ मध्ये हा वसाहतीचा सचिव झाला, म्हणजे साधारण गृहखातं. सिडनीच्या सरकारी इस्पितळाची तेव्हा दुर्दशा होती. नर्सचं काम शिकलेली बाई औषधाला नाही. याने थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलला पत्र लिहिलं, की आम्हाला शिकलेल्या नर्सेस पाठवा. तिने लूसी ऑस्बर्न आणि पाच जणी पाठवल्या. त्या ५ मार्च १८६८ ला सिडनीत उतरल्या. इस्पितळात उंदीर, ढेकूण, उघडी गटारं. ऑस्बर्नबाईंनी सोळा-सतरा वर्षं काढली, डॉक्टरांशी भांडल्या, कमिटीशी भांडल्या. ऑस्ट्रेलियातल्या नर्सिंगच्या शिक्षणाची सुरुवात तिथून.

आणि योगायोग बघा. त्या उतरल्यावर बरोबर एका आठवड्यात, १२ मार्चला, राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड क्लॉन्टार्फला सहलीच्या मेजवानीत असताना त्याच्या पाठीत गोळी घातली गेली. शुश्रूषा कोणी केली? नुकत्याच बोटीतून उतरलेल्या या बायकांनी! राजपुत्र वाचला. नव्या नर्सेसना याहून मोठी जाहिरात कुठे मिळणार.

ओसरी

@मोगरा_७, किती छान माहिती. गोळी घालणाऱ्याचं काय झालं?

मोगरा_७

ओ'फॅरेल त्याचं नाव, आयरिश. एप्रिलमध्ये फाशी. पुढचं नदीपल्याड सांगतील, तिथे पार्क्सचं वागणं काही बरं नाही.

नदीपल्याड

बरं नाही हे सौम्य झालं. ओ'फॅरेल हा डोक्याने हललेला, एकटा माणूस होता, तरी पार्क्सने त्यामागे आयरिश क्रांतिकारकांचा कट असल्याचं धरून घेतलं. घाईघाईने असा कायदा केला की राणीच्या आरोग्यासाठी पेला उचलायला नकार देणं हासुद्धा गुन्हा. मग ऑगस्टमध्ये कायमा या मतदारसंघातल्या भाषणात म्हणाला, की कटाचे पुरावे माझ्याकडे आहेत आणि कटातल्याच एकाचा तोंड बंद करण्यासाठी खून झालाय. कुणाचा खून? कुठे? प्रेत? काही नाही. विधिमंडळाने चौकशी केली, पुरावा सापडला नाही. त्या न सापडलेल्या मेलेल्या माणसाला लोकांनी नाव ठेवलं 'कायमाचं भूत', आणि ते भूत याच्या मानगुटीवर कायम राहिलं. आयरिश कॅथलिकांनी त्याला कधी माफ केलं नाही. १८८० च्या शाळांच्या भांडणाला ही जुनी फोडणी होती.

अर्धवट

कायमाचं भूत कायम राहिलं! ही कोटी चुकून झाली की मुद्दाम?

नदीपल्याड

चुकून. पण आता मुद्दाम म्हणतो.

गेजवाला

मी रेल्वेतला निवृत्त माणूस. एकीकरणाची गोष्ट भाषणांनी सांगतात, मी रुळांनी सांगतो.

न्यू साउथ वेल्सचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) चार फूट साडेआठ इंच. व्हिक्टोरियाचा पाच फूट तीन. क्वीन्सलंडचा तीन फूट सहा. एकाच इंग्लंडच्या लेकरांनी एकाच बेटावर हे करून ठेवलं. १८८३ मध्ये सिडनीकडची आणि मेलबर्नकडची लाईन ऑल्बरीला भेटली. भेटली म्हणजे काय, फलाटाच्या दोन बाजूंना येऊन थांबली. प्रवासी बिचारे झोपेतून उठून सामानसुमान घेऊन पलीकडे. वर कस्टमवाले ट्रंका उघडून बघणार, कारण व्हिक्टोरिया संरक्षक जकातीवाली आणि न्यू साउथ वेल्स (पार्क्स धरून) मुक्त व्यापारवाली. ब्रिस्बेनकडून येताना क्वीन्सलंडच्या हद्दीवर पुन्हा तोच तमाशा, आणि टेंटरफिल्ड तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे म्हातारा त्या दिवशी गाडी बदलूनच भाषणाला गेला. त्याला आणखी मुद्दे शोधायची गरज काय होती?

ज्यांनी मिरज जंक्शन जुन्या काळात पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही एका ठिकाणी. एका गाडीतून माल उतरवून दुसरीत भरणाऱ्या हमालांची वस्ती होती तिथे. आणि ज्यांनी जकात नाक्यावर टेम्पो उभा करून रात्र काढलीय त्यांना ऑल्बरीचे कस्टमवालेही समजतील.

सिडनी ते मेलबर्न एका गेजची लाईन १९६२ साली झाली. भाषणानंतर ७३ वर्षांनी!

ओसरी

गेजवाला काका, दंडवत. याचा वेगळा धागा काढा.

खडूस काका

अवांतर : तो 'ह' खायचा असं ऐकलंय, खरं का?

नदीपल्याड

खरं. बर्मिंगहॅमच्या गल्लीतली बोली. जिथे 'ह' हवा तिथे गायब, नको तिथे हजर. विरोधक आणि व्यंगचित्रवाले यावर आयुष्यभर जगले. स्वतःचं नाव हेन्री असताना 'ह' नीट न येणं म्हणजे काय हाल असतील. तरी सभागृहात तो उभा राहिला की लोक ऐकायचे. आवाज बारीक, शब्द सावकाश, सिंहासारखी पांढरी आयाळ.

मोगरा_७

हे वाचून काळजाला लागलं. कॉलेजात मी "पानी" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. वर्षभर मी वर्गात तहान लागली तरी पाणी मागितलं नाही.

अर्धवट

मोगराताई, आम्ही आजही "लोनी" म्हणतो आणि ते तुमच्या लोण्याइतकंच विरघळतं.

तिरकस

शेवट कसा झाला? राजकारणाचा आणि माणसाचा, दोन्ही सांगा. टीका मी केली म्हणून गोष्ट अर्धी ठेवू नका.

नदीपल्याड

राजकारणाचा आधी. मे १८९० मध्ये घोडागाडीच्या अपघातात पाय मोडला, चालणं कायमचं अवघड झालं. १८९१ च्या निवडणुकीत मजूर पक्ष पहिल्यांदाच उतरला आणि ३५ जागा घेऊन आला. म्हणजे ज्यांच्या नावाने याने उभं आयुष्य राजकारण केलं ते आता स्वतःच येऊन बसले. त्याच वर्षी सरकार गेलं. त्यानंतर तो पुन्हा प्रीमियर झाला नाही. मुक्त व्यापारवाल्यांचं पुढारपण जॉर्ज रीडकडे गेलं. जुलै १८९५ मध्ये ऐंशीच्या वयात याने रीडविरुद्धच निवडणूक लढवली. पडला.

आता माणसाचा. क्लॅरिंडा फेब्रुवारी १८८८ मध्ये गेली. बरोबर वर्षाने त्याने एलेनॉर डिक्सनशी लग्न केलं. तिला त्याच्यापासून आधीच मुलं होती. सिडनीच्या बड्या घरांतल्या बायकांनी तिला दारात उभं केलं नाही. घरातल्या मोठ्या मुलींनाही ते लग्न पटलं नाही. प्रीमियरची बायको, पण समारंभाला एकटी. ती जुलै १८९५ मध्ये, निवडणुकीच्याच महिन्यात, वारली. ऑक्टोबरमध्ये त्याने घरातल्या स्वैपाकीणबाईशी, तेविशीच्या ज्यूलिया लिंचशी, लग्न केलं. गावाने तोंडात बोटं घातली. मला विचाराल तर घरात लहान मुलं, हातात पैसा नाही, पुस्तकं आणि जमवलेल्या थोरामोठ्यांच्या सह्या विकून चाललेलं. त्या बाईने काय बघून होकार दिला ते तिलाच माहीत, पण तिने पोरं सांभाळली.

२७ एप्रिल १८९६ ला अॅनंडेलच्या घरी गेला. आजारपणात रीड भेटायला आला होता, दोघांनी भांडण मिटवलं. फॉकनब्रिजला क्लॅरिंडाशेजारी पुरलं. पत्नी तीन, पण शेवटी शिध्याची यादी जिच्याबरोबर वाटून खाल्ली तिच्याचजवळ.

ओसरी

क्लॅरिंडाच्या नावाने काही आहे का कुठे?

नदीपल्याड

आहे! आत पार्क्स नावाचं गाव आहे. सोन्याच्या खाणींची वस्ती होती, हा १८७३ मध्ये भेट देऊन गेल्यावर त्याचं नाव ठेवलं. तिथला मुख्य रस्ता क्लॅरिंडा स्ट्रीट. त्या गावाबाहेर १९६१ ची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. चंद्रावर माणूस उतरला तेव्हाची चित्रं जगाला दाखवण्यात तिचा मोठा वाटा. आणि दर जानेवारीत त्या गावी एल्विस प्रेस्लीचा उत्सव भरतो, हजारो लोक पांढरे चकचकीत सूट घालून क्लॅरिंडा स्ट्रीटवरून मिरवतात. त्यावर क्लॅरिंडा काय म्हणाली असती हा माझा आवडता विचार आहे.

गेजवाला

फॉकनब्रिजला जायचं तर सेंट्रलवरून ब्लू माउंटन्स लाईन पकडा. गाडी स्टँडर्ड गेजची, मध्ये बदलावी लागत नाही.

नदीपल्याड

काका, जाऊन आलो परवाच्या रविवारी, लेकीला घेऊन. तिथे ओकच्या झाडांची रांगही आहे, देशाच्या प्रत्येक पंतप्रधानाच्या नावाचं एक झाड. पार्क्सचं झाड कुठलं, असं लेकीने विचारलं. म्हटलं, तो पंतप्रधान नव्हताच, देश होण्याआधी गेला. मग तिने पाण्याची बाटली उघडली आणि दप्तरातून तो प्रकल्पाचा कागद काढला. अकरावी ओळ तिने स्वतःहून लिहिली होती : "ते चिनी लोकांशी वाईट वागले." बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली होती.